कोलॅजेनची अँटीबॉडी: कुरिअरच्या डब्यापासून रंगलेल्या स्लाइडपर्यंत

शंभर मायक्रोलिटर म्हणजे पाण्याचे जेमतेम दोन थेंब. कोलॅजेनच्या अँटीबॉडीची, म्हणजे कातडी-हाडांतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन शोधून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाची, बाटली बहुधा एवढीच येते आणि प्रकल्पाच्या पैशातला मोठा घास घेऊन जाते. बांगडा खराब झाला की वास सुटतो, कल्ला फिका पडतो, डोळा आत जातो. अँटीबॉडी खराब झाली तरी ती स्वच्छ पाण्यासारखीच दिसते. ती चिकटल्याची खूण म्हणून स्लाइडवर यायचा तो रंग आला नाही की मग शोध सुरू होतो, आणि तोवर अर्धी बाटली संपलेली असते.

रत्नागिरी, दापोली, चिपळूण, मालवण अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत माशांची कातडी, खवले, उंदरांची त्वचा किंवा पेशी घेऊन पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. 'अँटीबॉडी चाललीच नाही' अशा बहुतेक तक्रारींमागे दोनच प्रश्न विचारायचे राहिलेले असतात. ही अँटीबॉडी कोलॅजेनचं कुठलं रूप ओळखते? आणि ती आजवर किती वेळा तापली किंवा वितळली?

आधी कोलॅजेन समजून घ्या

कोलॅजेनचे आजवर २८ प्रकार नोंदले गेले आहेत. नवख्याला कामाला लागतात ते चार. प्रकार १ कातडी, हाड, स्नायुबंध आणि खवल्यांत असतो. प्रकार २ कूर्चेत, प्रकार ३ त्वचेत आणि रक्तवाहिन्यांत प्रकार १ च्या सोबतीने, तर प्रकार ४ पेशींखालच्या पातळ आधारपटलात. बाटलीवर नुसतं 'कोलॅजेन' लिहिलेलं असेल तर माहितीपत्रक उघडून प्रकार पाहा. ती बाकीच्या प्रकारांना चिकटू नये म्हणून शुद्ध केलेली आहे का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. तसं नसेल तर प्रकार १ च्या अँटीबॉडीने प्रकार ३ सुद्धा थोडा रंगेल आणि कळणार नाही.

आता रूप. कोलॅजेनचा रेणू काथ्याच्या तीन पदरी दोरासारखा असतो, तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. उष्णता दिली की पीळ सुटतो, पदर वेगळे होतात, आणि जे उरतं त्याला आपण जिलेटीन म्हणतो. काही अँटीबॉडी त्या पिळालाच ओळखतात. त्यांना उकळलेला नमुना दिला तर ओळखायला काहीच उरत नाही. उलट, एखाद्या साखळीच्या छोट्या तुकड्याविरुद्ध तयार केलेली अँटीबॉडी सुटा पदर छान पकडते, पण घट्ट पिळलेल्या दोरात तिला तो तुकडा सापडेलच असं नाही.

याचा अर्थ व्यवहारात असा. माहितीपत्रकात 'नेटिव्ह' किंवा 'ट्रिपल हेलिकल' लिहिलं असेल तर ती बाटली गोठवलेल्या सेक्शनसाठी (ऊतीच्या पातळ कापांसाठी), एलायझासाठी (खाचांच्या प्लेटवरची रंगाची चाचणी), डॉट ब्लॉटसाठी (पट्टीवर ठिपके देऊन करायची चाचणी). एसडीएस आणि मर्कॅप्टोइथॅनॉल ही प्रथिन उलगडणारी रसायनं घालून उकळलेल्या वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून शोधायची चाचणी) ती वापरू नका. 'पेप्टाइड' किंवा 'रिकॉम्बिनंट तुकडा' असं लिहिलं असेल तर वेस्टर्नवर आशा जास्त. सी-टोकाच्या प्रोपेप्टाइडविरुद्धची (साखळीच्या टोकाचा जो तुकडा पुढे छाटला जातो त्याविरुद्धची) अँटीबॉडी मात्र पेशीच्या आत नुकतं तयार होणारं प्रोकोलॅजेन दाखवते, बाहेर विणलेले धागे नाही. कातडीचे धागे पाहायचे आणि हातात प्रोपेप्टाइडची बाटली, हा घोळ नेहमीचा आहे.

माशांवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. उंदीर, गाय, माणूस यांच्या कोलॅजेनचा पीळ द्रावणात साधारण ३७ ते ४० अंशांच्या आसपास सुटतो. माशांमध्ये प्रोलिनला (साखळीतल्या एका अमिनो आम्लाला) हायड्रॉक्सिल लागण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे पीळ लवकर सुटतो. थंड समुद्रातल्या कॉडमध्ये तो १५ अंशांच्या आसपासच सुटतो, आपल्या उष्ण पाण्यातल्या माशांत बऱ्याचदा ३० च्या जवळपास. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत पारा ३२-३३ वर असतो. सुरमईच्या कातडीतून काढलेलं कोलॅजेन अशा खोलीत टेबलावर तासभर राहिलं तर त्याचं जिलेटीन व्हायला लागलेलं असतं, आणि पीळ ओळखणारी अँटीबॉडी त्यावर गप्प बसते. दोष बाटलीवर जातो. अखंड कातडीत धागे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून तिथे कोलॅजेन जास्त तग धरतं. द्रावणातलं कोलॅजेन मात्र बर्फावरून हलवू नका.

माहितीपत्रकाच्या 'कोणत्या प्राण्यांवर चालते' या रकान्यात मासा क्वचितच असतो. नसला म्हणजे चालणार नाही असं नाही, कारण कोलॅजेनचा ग्लायसिन-क्ष-य (दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन) हा साचा सगळीकडे तोच आहे. पण पडताळल्याशिवाय सेक्शन कापायला बसू नका. पडताळणीची रीत पुढे दिली आहे.

मागवताना

सोमवारी निघेल आणि गुरुवारच्या आत पोहोचेल अशी ऑर्डर द्या. शुक्रवारी मुंबईहून निघालेला डबा शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पडून राहतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तर मागवूच नका. महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांमागे तुमचा बर्फ वितळत असेल. जुलैमध्ये घाटात दरड कोसळण्याचा हिशेब धरून दोन दिवस जास्त धरा.

डबा आला की लगेच उघडा आणि बर्फाच्या पिशव्या कोणत्या अवस्थेत आहेत ते लिहून ठेवा, फोटो काढा. पिशव्या वितळलेल्या पण गार असतील तर घाबरू नका, ग्लिसरॉलमधली अँटीबॉडी काही दिवस गार राहिली तरी टिकते. वाळवलेली पूड असेल तर ती प्रवासात साध्या तापमानालाही सहसा तग धरते. रजिस्टरात कॅटलॉग क्रमांक, लॉट (एका वेळी बनलेल्या मालाचा) क्रमांक, यजमान प्राणी (अँटीबॉडी ज्यात तयार झाली तो), मोनोक्लोनल (एकाच जातीची) की पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), तीव्रता आणि आल्याची तारीख एवढं लिहा. लॉट क्रमांक विसरू नका, लेखाच्या शेवटी तो लागणार आहे.

बाटली उघडणे आणि वाटे करणे

बाटली उघडण्याआधी मायक्रोसेंट्रिफ्यूजमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवा. प्रवासात द्रव झाकणाला चिकटलेला असतो. झाकण उघडून पुसलेल्या टिशूबरोबर पंचवीस मायक्रोलिटर गेले, असं अजिबात अवघड नाही.

पूड असेल तर एक काळजी कोकणात दुप्पट घ्यावी लागते. फ्रीजरमधून काढलेली गार बाटली पावसाळ्यात उघडली की हवेतली दमट वाफ आत शिरून पुडीवर पाणी धरते. म्हणून बंद बाटली सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास टेबलावर ठेवा, मगच उघडा. माहितीपत्रकात सांगितलेलं निर्जंतुक पाणी किंवा पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) तेवढंच मोजून घाला. पूड तयार करतानाच त्यात बफरचे क्षार असतात, म्हणून 'पाणी' लिहिलं असेल तिथे पीबीएस घालू नका, क्षार दुप्पट होतील. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मग बाटली हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका. फेस आला म्हणजे हवेच्या बुडबुड्यांवर प्रथिन उलगडून वाया जातंय.

आता हिशेब. १०० मायक्रोलिटर, १ मिलिग्रॅम प्रति मि.लि. अशी बाटली धरा. दहा-दहा मायक्रोलिटरच्या अलिकोट (छोटे वाटे) केल्या तर कागदावर दहा, प्रत्यक्षात नऊ निघतील. त्यातली एक १:२०० पातळ केली की २ मि.लि. होते, आणि एका स्लाइडला १०० ते १५० मायक्रोलिटर धरले तर तेरा ते वीस स्लाइड. म्हणजे एका बैठकीला एक अलिकोट पुरते. दहा मायक्रोलिटरपेक्षा लहान अलिकोट करू नका. एवढ्या थोड्या द्रवातून बाष्प उडतं आणि नळीच्या भिंतीला प्रथिन चिकटतं, मग उरलेल्याची तीव्रता काय याचा भरवसा राहत नाही. प्रथिन कमी धरणाऱ्या ०.५ मि.लि.च्या नळ्या घ्या. प्रत्येक नळीवर नाव, लॉट, तीव्रता, तारीख, आणि ते अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने किंवा फ्रीजरच्या लेबलवर.

ग्लिसरॉल असलेली अँटीबॉडी घट्ट असते. पिपेटची टोकं द्रवात खोल बुडवलीत तर बाहेरून लागलेला थेंबच दोन मायक्रोलिटरचा होतो. टोक जेमतेम पृष्ठभागाखाली, ओढणं सावकाश, बाहेरची बाजू नळीच्या काठाला टेकवून पुसलेली. अशा घट्ट अँटीबॉडीचा एक मायक्रोलिटर मोजायचा प्रसंगच येऊ देऊ नका. किमान दोन घेता येतील असं अंतिम आकारमान ठरवा.

कुठे आणि कसं ठेवायचं

माहितीपत्रकाचा शब्द शेवटचा, पण ठोकताळा असा.

निम्मं ग्लिसरॉल असलेली: उणे २०. तिथे ती गोठत नाही, द्रवच राहते, म्हणून गोठणं-वितळणं हा धोकाच नाही. ती उणे ८० ला ठेवू नका, तिथे ती गोठते आणि फायदा घालवते.

ग्लिसरॉल नसलेली, पीबीएसमधली: अलिकोट करून उणे २० किंवा उणे ८०. एक अलिकोट एकदाच वितळवायची. दर वेळी गोठताना बर्फाचे स्फटिक बनतात, क्षार उरलेल्या द्रवात एकवटतात, प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात. वितळवलेली उरली तर ४ अंशांवर ठेवून दोन आठवड्यांत संपवा, परत गोठवू नका.

०.०२ टक्के सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) असलेली आणि तशी सूचना असलेली: ४ अंशांवर महिनोन् महिने.

एचआरपी (रंग उमटवणारं एन्झाइम) जोडलेली: ४ अंश, गोठवायची नाही, आणि तिच्या कुठल्याही बफरमध्ये अझाइड नको. अझाइड एचआरपीला बंद पाडतं. चमकणारा रंग जोडलेली असेल तर वर ॲल्युमिनियमची फॉइल.

पातळ केलेली अँटीबॉडी साठवण्याचा मोह होतो. एका दिवसाच्या पलीकडे नको. एवढ्या कमी तीव्रतेला नळीची भिंतच अर्धी गिळते.

फ्रीजर कोणता हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, पहिल्यांदा विचारायला हवा. 'फ्रॉस्ट-फ्री' घरगुती फ्रीज बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो. वाटाण्याला ते चालतं, अँटीबॉडीला नाही. बर्फ साचणारा जुन्या धाटणीचा डीप फ्रीजर उत्तम. तसा नसेलच तर अलिकोट थर्माकोलच्या छोट्या डब्यात, चारी बाजूंनी जेलच्या पिशव्या, आणि मागच्या कोपऱ्यात. दाराच्या फळीवर कधीही नाही. तापमान पाहायचा प्रोब हवेत लोंबकळू देऊ नका; ग्लिसरॉलच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर आकडा उड्या मारणार नाही आणि बाटलीच्या आतलं खरं तापमान कळेल.

खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या नळ्या आणि प्लगच्या पिना गंजतात. दर तीन महिन्यांनी मागची जाळी साफ करा. स्टॅबिलायझर असा घ्या की वीज परत आल्यावर काही मिनिटं थांबून चालू होतो, नाहीतर लागोपाठच्या झटक्यांनी कॉम्प्रेसर जातो.

आता विजेबद्दल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या अनेक गावांत कितीतरी दिवस दिवे आले नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पुराचं पाणी तळमजल्यांत शिरलं. म्हणून फ्रीजर नदीकाठच्या गावात वरच्या मजल्यावर, आणि मेच्या शेवटी खालची तयारी करून ठेवलेली बरी. फ्रीजरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून टाका. भरलेला डीप फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस गोठलेलं धरून ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस. एका पेल्यात पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. तुम्ही सुट्टीवर असताना वीज जाऊन परत आली तर नाणं पेल्याच्या तळाशी सापडेल, आणि फ्रीजरचा आकडा 'उणे २०' दाखवत असला तरी खरं काय ते कळेल.

वीज लांबली तर मासळीच्या बर्फावर विश्वास ठेवा. बर्फाच्या कारखान्यातला फोडलेला बर्फ थर्माकोलच्या पेटीत, अलिकोट झिपच्या पिशवीत, पाणी काढून टाकायला तळाला भोक. यात तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि ग्लिसरॉलच्या अँटीबॉडीला आठवडाभर तेवढं पुरतं. बर्फात खडे मीठ तीनास एक या प्रमाणात मिसळलं तर उणे १८ च्या जवळ जाता येतं, पण ते दर काही तासांनी भरत बसावं लागतं. गोठवलेल्या, ग्लिसरॉल नसलेल्या अलिकोट अजून घट्ट असतील तरच तो खटाटोप. एकदा वितळल्या की त्या ४ अंशांवर ठेवून आधी वापरायच्या, एवढंच.

पहिली चाचणी: डॉट ब्लॉट

सेक्शन कापण्याआधी अर्ध्या दिवसाचं काम करा. नायट्रोसेल्युलोजच्या (प्रथिन धरून ठेवणाऱ्या कागदाच्या) दोन पट्ट्या घ्या. तुमच्या माशाचं कोलॅजेन थंड ०.५ मोलर ॲसेटिक आम्लात विरघळवून १ मिलिग्रॅम प्रति मि.लि. करा. एक भाग बर्फात, दुसरा भाग ९५ अंशांवर पाच मिनिटं. दोन्हींचे १ मायक्रोलिटरचे ठिपके, चार-चार पट पातळ करत: १०००, २५०, ६० आणि १५ नॅनोग्रॅम. शेजारी विकत घेतलेल्या, रॅटच्या शेपटीच्या कोलॅजेनचा ठिपका आणि बीएसएचा (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचा) ठिपका. वाळू द्या, ५ टक्के साय काढलेल्या दुधाच्या पुडीने एक तास झाका (पट्टीची रिकामी जागा भरून टाका, म्हणजे ब्लॉकिंग), मग प्राथमिक (बाटलीतली) अँटीबॉडी १:१०००, धुणं, दुय्यम (प्राथमिकाला चिकटणारी, एचआरपी जोडलेली), रंग.

बर्फातला ठिपका रंगला आणि उकळलेला नाही: पीळ ओळखते. उलट झालं: पदर ओळखते. दोन्ही रंगले: नशीब. रॅटचा रंगला आणि माशाचा कुठलाच नाही: या माशावर ही बाटली चालणार नाही, कापाकापी वाचली. बीएसए रंगला तर आधी धुणं आणि दुय्यम तपासा.

झाकण्यासाठी जिलेटीन कधीही वापरू नका. मासळीचं जिलेटीन हे बाकीच्या अँटीबॉडींसाठी चांगलं असतं, पण ते कोलॅजेनच आहे. तुम्ही शोधताय तीच गोष्ट सगळ्या पट्टीवर फासल्यासारखं होईल. हाच न्याय जिलेटीनचा लेप दिलेल्या स्लाइडना.

स्लाइडवर

मिरकरवाड्याला किंवा हर्णैला होडी लागते तिथूनच नमुना घ्या. बाजारात दुपारपर्यंत बसलेला मासा नको. कातडीचे ३-४ मिलिमीटर जाडीचे तुकडे, दहा ते वीस पट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये २४ तास. आठवडाभर विसरलेला तुकडा फॉर्मलिनने इतका बांधला जातो की अँटीबॉडीला आत शिरायला वाटच राहत नाही. पोटाकडची पांढरी कातडी निवडा, याचं कारण पुढे येईल. तांबोशीसारख्या माशाचे खवले घेतले तर त्यातला चुना आधी काढावा लागतो: पीएच ७.४ चं ०.५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन), रोज बदलून, टाचणी सहज शिरेपर्यंत. नायट्रिक आम्लाने ते लवकर होतं आणि अँटीबॉडी ओळखते तो भागही जातो.

पॅराफिनचे ४-५ मायक्रॉनचे सेक्शन पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइडवर. या स्लाइड पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर ओल धरतात आणि सेक्शन सोडतात, सिलिका जेलसह बंद ठेवा. सेक्शन ६० अंशांवर एक तास.

१. झायलीन पाच-पाच मिनिटं तीनदा. मग १००, ९५, ७० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी तीन मिनिटं, शेवटी पाणी.

२. बंध सोडवणे, म्हणजे फॉर्मलिनने बांधलेलं अँटीबॉडीसाठी मोकळं करणे. कोलॅजेनने भरलेली कातडी सायट्रेटमध्ये उकळली की आक्रसते आणि स्लाइडवरून सुटते. म्हणून आधी पेप्सिन करून पाहा: ०.१ टक्के, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंशांवर दहा मिनिटं. वीस मिनिटांना उंदराची कातडी टिकते, माशाची विरू लागते. काही अँटीबॉडींना सायट्रेटच लागतं: १० मिलिमोलर, पीएच ६, ९५ अंश, वीस मिनिटं, मग त्याच द्रवात गार होऊ द्या. मोरीच्या (शार्कच्या) कूर्चेत प्रकार २ शोधत असाल तर पेप्सिनच्या जोडीला हायल्युरोनिडेज हे एन्झाइम लागतं, कारण तिथे प्रोटिओग्लायकनचा दाट चिकटा धागे झाकून टाकतो.

३. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दहा मिनिटं. पीबीएसने धुवा.

४. ५ टक्के साधं सीरम, अर्धा ते एक तास. दुय्यम अँटीबॉडी ज्या प्राण्यातली त्याच प्राण्याचं. दुय्यम शेळीतली असेल तर शेळीचं.

५. प्राथमिक. पहिल्या वेळी सहा स्लाइड: १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० आणि एक बिनप्राथमिकाची. १ टक्का बीएसए असलेल्या पीबीएसमध्ये. चपट्या डब्यात ओला फिल्टर पेपर, त्यावर स्लाइड, झाकण, रात्रभर ४ अंश. पुस्तकातलं 'खोलीचं तापमान, एक तास' हे २०-२५ अंशांच्या खोलीसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये त्याने पार्श्वभूमी चढते. रात्रभर फ्रीजमध्ये, हेच बरं.

६. ०.०५ टक्के ट्वीन (सौम्य साबण) असलेल्या पीबीएसने पाच-पाच मिनिटं तीनदा. मग एचआरपीची दुय्यम, अर्धा तास. पुन्हा तीनदा धुणं.

७. डीएबी (एचआरपीमुळे तपकिरी होणारं रसायन). सूक्ष्मदर्शकाखाली बघत. दमट गरमीत दोन मिनिटांतच पुरेसं होतं. रंग चढताच पाण्यात. हातमोजे घाला, डीएबी कर्करोगकारक मानलं जातं.

८. हेमॅटॉक्सिलिन (पेशींची केंद्रकं निळी करणारा रंग) फिकं, मग अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (वरची काच चिकटवायचं माध्यम).

शेवटच्या पायरीला पावसाळा आडवा येतो. पूर्ण अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं आणि नावापुरतंच १०० टक्के उरतं. झायलीन दुधाळ झालं किंवा डीपीएक्सखाली धुकं दिसलं तर हेच झालंय. बरण्यांची झाकणं लावा, शेवटचं अल्कोहोल दर आठवड्याला बदला.

पाचव्या पायरीतल्या तीव्रतांपैकी सगळ्यात गडद ती निवडू नका. धागे स्पष्ट आणि बाहेरची त्वचा कोरी अशी निवडा. बहुधा ती मधली असते.

गोठवलेले सेक्शन असतील तर थंड ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं आणि बंध सोडवण्याची पायरी नाही. पीळ ओळखणाऱ्या अँटीबॉडीसाठी हा रस्ता पॅराफिनपेक्षा सरळ आहे.

वेस्टर्न आणि पेशी, थोडक्यात

आम्लात काढलेला नमुना लोडिंग बफरमध्ये टाकल्यावर निळा रंग पिवळा झाला तर आधी ट्रिसने आम्ल मारा, नाहीतर जेलमध्ये पट्टे वाकडे जातात. अल्फा साखळीचं खरं वजन ९५ किलोडाल्टनच्या जवळ, पण प्रोलिनच्या भरताडीमुळे ती जेलवर १२० ते १४० च्या दरम्यान दिसते आणि तिच्या जोड्या २०० च्या वर. ६ टक्के जेल, ट्रान्सफर रात्रभर गारठ्यात ३० व्होल्टवर, मिथेनॉल १० टक्क्यांवर आणलेलं.

फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन बनवणाऱ्या) पेशींत कोलॅजेन दिसत नसेल तर माध्यमात क जीवनसत्त्व होतं का पाहा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. रोज ताजं घालावं लागतं. त्याशिवाय प्रोलिनला हायड्रॉक्सिल लागत नाही, पीळ टिकत नाही आणि धागे बाहेर विणले जात नाहीत. कोलॅजेनचा लेप दिलेल्या प्लेटवर वाढवलेल्या पेशी अर्थातच सगळीकडे रंगतील.

रंग आला, पण तो खरा का?

माशाच्या कातडीत काळं-तपकिरी मेलॅनिन असतं आणि ते डीएबीसारखंच दिसतं. पाठीच्या कातडीवर 'उत्तम सिग्नल' म्हणून दाखवलेली कितीतरी चित्रं निव्वळ रंगपेशींची असतात. म्हणून पोटाकडची कातडी, आणि बिनप्राथमिकाची स्लाइड दर वेळी. पाठच लागणार असेल तर लाल रंग देणारं एईसी घ्या. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे शेवटी अल्कोहोल-झायलीन नाही, पाण्यातलं माउंटिंग. चमकणाऱ्या अँटीबॉडीने काम असेल तर निळा टाळा, कोलॅजेन अतिनील प्रकाशात स्वतःच निळं चमकतं. लाल किंवा त्यापलीकडचा रंग घ्या.

सगळ्यात पक्की खात्री कोलॅजनेजची, म्हणजे कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमची. एक सेक्शन ३७ अंशांवर शुद्ध कोलॅजनेजमध्ये तासभर ठेवा, शेजारचा नुसत्या कॅल्शियमच्या बफरमध्ये. पहिल्यातला रंग गेला पाहिजे. आणि प्रकार १ ची अँटीबॉडी असेल तर त्याच स्लाइडवर कूर्चेचा तुकडा बसवा, तो कोरा राहायला हवा.

उंदरावर उंदराचीच मोनोक्लोनल वापरली तर दुय्यम अँटीबॉडी कातडीतल्या सगळ्या रक्तवाहिन्या रंगवते. सशातली प्राथमिक घेतली की हा गुंता उरत नाही. घुशीवर किंवा पांढऱ्या रॅटवर उंदरातली प्राथमिक घ्यायचीच असेल तर रॅटच्या प्रथिनांविरुद्ध शुद्ध केलेली दुय्यम मागवा.

रंग अजिबात नसेल तर क्रम असा: आधी खात्रीच्या नमुन्यावर, म्हणजे रॅटच्या शेपटीच्या स्नायुबंधावर चालते का ते पाहा. तिथे चालली तर बाटली ठीक, दोष फिक्सेशन, बंध सोडवणं किंवा प्राण्यात. तिथेही नाही तर एचआरपीची दुय्यम आणि डीएबी एका नळीत मिसळा. तपकिरी झालं नाही तर दुय्यम किंवा डीएबी मेलं. ते झालं, तर शेवटी प्राथमिकाकडे बोट दाखवा, आणि फ्रीजरच्या पेल्यातलं नाणं पाहून या.

अझाइड असलेला टाकाऊ द्रव तांब्याच्या किंवा शिशाच्या जुन्या नळातून सोडू नका, तिथे साचून स्फोटक क्षार बनतात. त्यात आम्लही मिसळू नका, विषारी वायू निघतो. वेगळ्या बाटलीत जमवा आणि रासायनिक कचऱ्यात द्या.

जुन्या लॉटच्या शेवटच्या दोन अलिकोट संपवू नका. पॉलिक्लोनल अँटीबॉडी नव्या लॉटमध्ये वेगळ्या सशातून येऊ शकते आणि १:२०० ला जे दिसायचं ते १:१०० ला दिसू लागतं. नवी बाटली आली की त्याच कातडीच्या लागोपाठच्या सेक्शनवर जुनी आणि नवी शेजारी-शेजारी चालवा, आणि नव्या लॉटच्या क्रमांकापुढे तिची स्वतःची तीव्रता रजिस्टरात लिहा.